कलम सात

मोन्तेविदेओत ऑगस्टचा वारा
खिडकीच्या काचांना खडे मारावेत तसा लागत होता,
आणि आम्ही चौघं एका वाक्यावर अडून बसलो होतो:
‘कोणाही श्रोत्याला अवघडल्यासारखं होईल
असं वक्त्याने काही बोलू नये.’

थर्मासमधलं पाणी निवत चाललेलं.
मातेचा भोपळा या हातातून त्या हातात,
तीच नळी, तोच कडू घोट,
आणि कडू आहे म्हणून कुणी नको म्हणत नव्हतं,
हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

वाक्य माझंच. रागाच्या भरात लिहिलेलं.
मागच्या वर्षी एका बड्या डॉक्टरांनी
एका परिचारिकेची नोंदवही पडद्यावर दाखवली,
नावासकट, हस्ताक्षरासकट,
शेजारी एक चावट चित्र.
दोनशे माणसं हसली.
मीही हसले. अर्धी, ओठ मिटून.
आनाई चौथ्या रांगेत होती.
तिने पर्स उचलली, कोट विसरली.
तो कोट अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून कलम सात.

मग झुल्मा बेंतांकुरचं टिपण आलं.
एकतीस वर्षं रात्रपाळी. विषय: खाट अकराचा गजर.
यंत्र एका रात्रीत चारशे वेळा ओरडतं,
त्यातलं बहुतेक उगीच.
म्हणून आम्ही आवाज बारीक करतो.
त्या रात्री तो मी केला होता.
यंत्र कुणाचं तेही सांगणार आहे.

ज्यांचं यंत्र, ते पहिल्या रांगेत बसणार होते.
दुपारचं जेवण त्यांचं,
गळ्यातल्या फितींवर नाव त्यांचं.
दार्दो म्हणाला, कलम सात वाचा.
पाहुण्यांना अवघडल्यासारखं होईल.
माझीच किल्ली घेऊन कुणी
माझ्या घरात शिरावं, तसं मला वाटलं.
पण दार्दो चोर नाही.
सभागृहाचं भाडं त्याच्या सहीने जातं.
तुम्हाला सोपं आहे, तो म्हणाला,
आणि ते खरंच होतं.

मी मिठाची गुळणी धरून बसले.
मधेच कुणीतरी सुचवलं, जरा मऊ करू:
‘एका रुग्णालयात’, ‘काही उपकरणं’, ‘कदाचित’.
मऊ करता करता खाट अकरा रिकामी झाली.
तिच्यावर कोण निजलं होतं
कागदावरून कळेना.

तेव्हा मला दिसलं,
एकाच शब्दाच्या पांघरुणाखाली
मी आनाईलाही झोपवलं होतं
आणि त्या पहिल्या रांगेलाही.

रात्री अकरापर्यंत खाडाखोड.
शेवटी उरलं ते इतकं:
माणसाला हसू नका.
कामाबद्दल बोला, नाव घेऊन बोला,
आणि ज्याचं नाव घ्याल
त्याला उत्तराला वेळ द्या.
दार्दोने सही केली, वर न बघता.

झुल्माने भाषणाआधी तो गजर वाजवला.
चाळीस सेकंद. मी मोजले.
कानउघाडणी म्हणावी, तर
सगळ्यांनी कान हातांनी झाकलेले.
पहिल्या रांगेतला एक राखाडी कोट उठला.
चालला वाटतं, असं मनात आलं,
फितीही गेल्या, जेवणही.
तो माइकपाशी आला.
किती वाजले होते, त्याने विचारलं.
तीन वाजून वीस, झुल्मा म्हणाली.
पुढे त्याला काही बोलता येईना,
आणि दिलेली पाच मिनिटं
तो तिथे नुसता उभा राहिला.
त्याच्याकडे बघणं मला जड गेलं.
तसं कुठल्या कलमात बसवायचं, मला माहीत नाही.

यंदा फिती कोऱ्या आहेत. जेवणात नुसते एम्पानादा.

आनाईचा कोट मी धुऊन पाठवला,
खिशात नवं कलम सात, घडी घालून.
पोचल्याची पावती आली आहे.
सही तिची नाही.